ड्रमपटल : कातड्यापासून पॉलिएस्टरपर्यंत

पाश्चात्त्य ड्रमसंचातील प्रत्येक ड्रमच्या तोंडावर ताणून बसविलेला कातड्याचा वा कृत्रिम द्रव्याचा पापुद्रा म्हणजे ड्रमपटल. वादकाचा आघात ज्यावर होतो ते वरचे पटल ‘आघातपटल’ व खालच्या तोंडावरचे, केवळ हवेच्या धक्क्याने कंप पावणारे पटल ‘अनुनादपटल’ म्हणता येईल. ड्रमचा आवाज खोडाचे लाकूड, त्याची कड, कडी, काठी आणि वादनाची जागा या सर्वांवर अवलंबून असतो. तथापि त्याचा स्वभाव ठरविण्यात सर्वांत मोठा वाटा पटलाचा असतो. एकाच खोडावर दोन भिन्न पटले आळीपाळीने चढविली, तर ऐकणाऱ्यास ती दोन वाद्ये वाटतात. असे असूनही वाद्याच्या इतिहासलेखनात खोडाचे लाकूड, वादकांची चरित्रे व कारखान्यांची नावे यांनाच जागा मिळते. पटलाचा उल्लेख ओझरता होतो. भारतीय संगीतशास्त्राने या वर्गास ‘अवनद्ध’ म्हणजे मढविलेली वाद्ये असे नाव देऊन मढविण्याच्या क्रियेलाच प्राधान्य दिले, हे अधिक मर्मग्राही म्हणावे लागेल. इंग्रजी बोलणाऱ्या वादकांच्या बोलीत ड्रमला ‘स्किन्स’ म्हणजे कातडी म्हणण्याची रीत कातडे नाहीसे झाल्यावरही टिकून राहिली.

ड्रमसंच हे तसे अलीकडचे वाद्य आहे. लष्करी व मिरवणुकीच्या वाद्यवृंदांत बेस ड्रम, स्नेअर ड्रम व झांजा वाजविण्यासाठी वेगवेगळे वादक असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नाट्यगृहांत व नृत्यगृहांत जागा आणि पैसा दोन्ही अपुरे पडू लागल्याने ही कामे एकाच माणसाकडे आली. शिकागो येथील विल्यम एफ. लडविग यांनी १९०९ मध्ये पायाने चालविण्याच्या बेस ड्रम-पट्टिकेचे एकस्व मिळविले आणि हात मोकळे झालेला वादक बसून सर्व वाद्ये वाजवू लागला. न्यू ऑर्लीन्स व शिकागो येथील जॅझ संगीताने या संचाला स्थिर रूप दिले. या काळातील सर्व मुख्य पटले जनावरांच्या कातड्याची होती.

यासाठी वासराचे कातडे सर्वोत्तम मानले जाई. ते कमविलेले नसे. चुन्याच्या निवळीत भिजवून त्यावरील केस काढीत, आतील बाजूचे मांस व चरबी खरवडीत आणि चौकटीवर ताणून ते वाळवीत. अशा रीतीने तयार झालेले पांढुरके, अर्धपारदर्शक कातडे भिजवून लाकडी कड्याभोवती दुमडून बसवीत. ते कडे खोडावर ठेवून त्यावर दुसरे कडे स्क्रूंनी आवळले, की ताण येई. स्नेअर ड्रमच्या खालच्या बाजूस मात्र अत्यंत पातळ कातडे लागे. कारण त्यास टेकलेल्या तातींचा वा तारांचा खरखराट हलक्या आघातानेही उमटला पाहिजे. त्यासाठी गर्भातील किंवा नुकत्याच जन्मलेल्या वासराचे कातडे वापरीत.

एकच कातडे सर्वत्र सारख्या जाडीचे नसते. पाठीच्या कण्यालगत ते जाड व ताठ, तर पोटाकडे पातळ व सैल असते. कण्याची रेषा तयार पटलावर स्पष्ट दिसते आणि केटलड्रम वाजविणारे ती रेषा कोठे ठेवावी, याचा बारकाईने विचार करीत. साहजिकच कातड्याची निवड हे हाताचे, डोळ्यांचे व अनुभवाचे काम होते. वादक दुकानात जाऊन गठ्ठ्यातील पटले उजेडासमोर धरी, बोटांनी चाचपून पाही आणि आपल्या हातास मानवेल असे एक निवडी. दोन पटले सारखी नसल्याने ‘अमुक जाडीचे पटल अमुक आवाज देते’ असा सर्वांना लागू पडणारा नियम बांधणे शक्यच नव्हते. आवाजाचे ज्ञान व्यक्तीपाशीच राही व तिच्याबरोबरच संपे.

कातड्याचा मोठा शत्रू हवामान. त्यातील कोलॅजेनाचे तंतू हवेतील ओल शोषून लांबतात व पटल सैल पडते. कोरड्या, तापलेल्या हवेत ते आकसून ताठ होते. पावसाळी रात्री उघड्यावर वाजविणाऱ्याचा ड्रम तासाभरात बसे, तर रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने त्याचा स्वर चढे. क्वचित पटल तडकेही. कोकणातील पावसाळ्यात तबला-पखवाज वाजविणाऱ्यांना ही अडचण सांगावयास नकोच. अमेरिकेतील वादक बेस ड्रमच्या आत विजेचा दिवा लावून ठेवीत. समोरच्या पटलावर रंगविलेली निसर्गचित्रे त्या प्रकाशात उजळून निघत व प्रेक्षकांना ती शोभा वाटे. दिव्याचा खरा उपयोग मात्र कातडे कोरडे ठेवण्याचा होता. कार्यक्रमानंतर प्रत्येक स्क्रू सैल करून ठेवणे व दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वर लावणे हा नित्याचा परिपाठ होता.

याच काळात टॉमटॉमच्या पटलातही महत्त्वाचा बदल झाला. जॅझच्या आरंभीच्या संचात चिनी बनावटीचे टॉमटॉम असत. त्यांची जाड, रंगीत चित्रे काढलेली डुकराच्या कातड्याची पटले खिळ्यांनी ठोकून पक्की केलेली असल्याने स्वर बदलता येत नसे. जीन क्रूपा (१९०९–१९७३) या वादकाच्या आग्रहावरून स्लिंगरलँड या शिकागोच्या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात दोन्ही बाजू स्क्रूंनी आवळता येतील असे टॉमटॉम तयार केले. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदातील क्रूपा यांचे टॉमटॉमवादन त्या काळी विलक्षण गाजले. वरच्या व खालच्या पटलांना निरनिराळा ताण देऊन आवाजाची लांबी व वळण ठरविता येते, ही जाणीव सर्वसामान्य वादकांत येथून पसरली.

कातड्याला पर्याय संगीताच्या जगातून आला नाही. जॉन रेक्स व्हिनफील्ड व जेम्स टेनंट डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट या पॉलिएस्टराचा शोध लावला, तो कापडधंद्याच्या गरजेतून. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्याचा ‘मायलार’ या नावाचा पापुद्रा बाजारात आणला. वितळलेले द्रव्य फटीतून पापुद्र्याच्या रूपात बाहेर काढून लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी ताणले, की त्याला मोठे बळ येते. हा पापुद्रा ओल जवळजवळ शोषीत नाही व त्याची जाडी सर्वत्र सारखी असते. कातड्याचे दोन्ही जुने दोष येथे मुळातच नव्हते.

त्यापासून पहिले ड्रमपटल कोणी केले, याविषयी एकमत नाही. ‘थ्री एम’ कंपनीतील जिम अर्विन यांनी १९५३ च्या सुमारास ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात पूर्वी असलेल्या सनी ग्रीअर या वादकासाठी असे पटल तयार केल्याचे सांगतात. न्यू मेक्सिकोतील मॅरियन ‘चिक’ इव्हान्स यांनी १९५६ मध्ये पॉलिएस्टराची पटले विक्रीस काढली; पुढे हा व्यवसाय कॅन्सस राज्यातील डॉज सिटी येथे बॉब बील्स यांच्याकडे गेला. लॉस अँजेल्स भागात ‘ड्रम सिटी’ हे दुकान चालविणारे वादक रेमो बेली (१९२७–२०१६) हेही याच खटपटीत होते. प्रथम शोध कोणाचा, हा वाद प्रस्तुत लेखकास फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कारण खरी अडचण पापुद्रा मिळविण्याची नसून तो कड्यात धरून ठेवण्याची होती. कातडे ओले असताना कड्याभोवती दुमडते आणि वाळल्यावर स्वतःच त्यास घट्ट धरते. पॉलिएस्टर ना भिजते ना आकसते. चुका मारून ते ठोकले तर चुकांच्या छिद्रांपासून फाटे, आणि चिकटविले तर ताणाने सुटून येई. बेली यांना सॅम म्युचनिक या रसायनज्ञाने यातून वाट काढून दिली. पापुद्र्याच्या कडेला छिद्रे पाडून ती कड ॲल्युमिनियमच्या पन्हळीसारख्या कड्यात बसवावयाची आणि त्यात द्रवरूप रेझीन ओतावयाचे. ते छिद्रांतून आरपार जाऊन घट्ट झाले, की पापुद्रा कड्यात कायमचा जखडला जातो. या युक्तीवर १९५७ मध्ये ‘रेमो’ ही कंपनी उभी राहिली. आपल्या पटलांना तिने ‘वेदर किंग’ (हवामानाचा राजा) असे नाव दिले, तर लडविग कंपनीने लवकरच आपली ‘वेदर मास्टर’ (हवामानाचा स्वामी) पटले काढली. दोन्ही नावांत आवाजाचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नवे पटल विकले गेले ते ऐकण्यास गोड म्हणून नव्हे, तर भरवशाचे म्हणून.

आवाजाच्या दृष्टीने ते आरंभी अनेकांना रुचले नाही. कातड्याचा आवाज बसका, उबदार व चटकन विरणारा. पॉलिएस्टराचा उजळ, तीक्ष्ण व घुमत राहणारा. शिवाय जॅझमधील तारांच्या ब्रशाचे वादन कातड्याच्या खरबरीत पृष्ठावर अवलंबून होते. गुळगुळीत पापुद्र्यावर ब्रश नुसता घसरे. यावर उपाय म्हणून पटलावर पांढऱ्या खरखरीत द्रव्याचा फवारा मारू लागले. या लेपाने ब्रशाला आवाज दिला, पटलाचे वस्तुमान किंचित वाढविले आणि वरचे किरटे स्वर थोडे दाबले. आज बहुसंख्य स्नेअर ड्रमांवर दिसणारा पांढरा रंग हा कातड्याचे अनुकरण करण्याच्या त्या खटपटीचा अवशेष होय. मेल लुइस (१९२९–१९९०) यांच्यासारख्या वादकांनी स्नेअर व बेस ड्रमसाठी वासराच्या कातड्याचाच आग्रह धरला. पण असे वादक थोडे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ‘बीटल्स’ अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात झळकले आणि रिंगो स्टार यांच्यासारखा संच हवा म्हणणाऱ्या तरुणांची झुंबड उडाली. ही मागणी वासरांच्या कातड्यावर भागविता आली असती असे वाटत नाही. गंमत अशी, की १९६९ मधील ‘ॲबी रोड’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी खुद्द रिंगो यांच्या नव्या संचावर वासराच्या कातड्याची पटले होती आणि त्यातील टॉमटॉमचा भारदस्त आवाज बव्हंशी त्यांचाच आहे.

पॉलिएस्टराने केलेला खोल बदल वेगळाच आहे. पापुद्र्याची जाडी कारखान्यात ठरविता येऊ लागल्याने पटलाची निवड चाचपण्यावरून आकड्यावर आली. रेमो कंपनीची मधल्या जातीची पटले इंचाच्या दहा-सहस्रांश (सु. ०·२५ मिमी.), हलकी साडेसात-सहस्रांश (सु. ०·१९ मिमी.) आणि जड पटले प्रत्येकी सात-सहस्रांश जाडीच्या दोन पदरांची असतात, स्नेअर ड्रमखालील पटल अवघे तीन-सहस्रांश (सु. ०·०७५ मिमी.) जाड असते. कातड्याच्या काळात ज्याला ‘हाताला बरे लागते’ एवढेच म्हणता येई, ते आता हजारो मैलांवरच्या दुसऱ्या वादकाला सांगता व त्याला पडताळून पाहता येऊ लागले. पटलाच्या निवडीचे शास्त्र म्हणावे असे जे काही आहे, ते येथून सुरू होते.

त्याचा सैद्धांतिक पाया मात्र जुना आहे. लॉर्ड रॅली यांच्या ‘द थिअरी ऑफ साउंड’ (१८७७-७८) या ग्रंथात ताणलेल्या वर्तुळाकार पटलाच्या कंपनांचे विवेचन आहे. पटलाची कंप्रता त्याच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि दर चौरस एककामागील वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. यावरून हिशोब केल्यास दहा-सहस्रांशाचे एकेरी पटल काढून सात-सहस्रांशाचे दोन पदर तेवढ्याच ताणावर चढविले, तर स्वर सु. तीन अर्धस्वरांनी उतरतो. स्वर पूर्ववत करण्यासाठी ताण वाढवावा लागतो. प्रत्यक्षात अधिक महत्त्वाचे ठरते ते पदरांचे एकमेकांवर घासणे : त्यामुळे ऊर्जा लवकर खर्ची पडते, आवाज आखूड होतो आणि वरचे अधिस्वर आधी मरतात. म्हणून ऐकणाऱ्यास दुहेरी पटल ‘खोल’ वाटते. स्वर तोच असला, तरी वाटते.

आदर्श पटलाचे अधिस्वर मूलस्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात. ते १·५९, २·१४, २·३०, २·६५ अशा वेड्यावाकड्या गुणोत्तरांत येतात. ड्रमला तंतुवाद्यासारखा निश्चित स्वर नसण्याचे हेच कारण. या संदर्भात चंद्रशेखर वेंकट रामन यांचे कार्य विसरता येत नाही. त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये व पुढे १९३४ मध्ये स्वतंत्रपणे, मृदंग व तबला यांच्या पुडीवरील शाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यावर थरांनी चढविलेल्या या भारामुळे पटलाचे पहिले नऊ कंपनप्रकार पाच संवादी स्वरांत गोळा होतात, असे त्यांनी दाखविले. पाश्चात्त्य पटलावरही पुढे मध्यभागी काळी वर्तुळाकार ठिगळे आली व ती पाहून आपल्याकडे अनेकांना शाईची आठवण होते. परंतु हे साम्य केवळ दिसण्यापुरते आहे. शाई अधिस्वरांना सुरात बसविते. ठिगळ त्यांना दाबते आणि काठीच्या मारापासून पटलाचे रक्षण करते. एकाच जागी भार घालून दोन संगीतपरंपरांनी ड्रमकडून परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या.

ठिगळाची पटले १९७० नंतरच्या दशकात आली. त्याच दशकात इव्हान्स कंपनीने दोन पदरांमध्ये तेलाचा थर असलेली पटले आणि रेमो कंपनीने कडेलगत दोन पदर जोडलेली, गोल रेघेची पटले काढली. या सर्वांचा रोख एकच : घुमारा कमी करणे. त्यामागे वादकापेक्षा ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ होता. प्रत्येक ड्रमजवळ स्वतंत्र ध्वनिग्राहक ठेवण्याची पद्धत रूढ झाल्याने शेजारच्या ड्रमचा घुमारा त्याला अडथळा वाटू लागला. टॉमटॉमची खालची पटले काढून टाकण्यात आली, बेस ड्रमच्या समोरच्या पटलाला भोक पाडून आत उशी कोंबण्यात आली, वर कापड पसरण्यात आले. त्या दशकातील कित्येक मुद्रिकांत ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे वाजतात, हे कटू असले तरी खरे आहे. सर्वांनी हा मार्ग पत्करला असे नाही. ‘लेड झेपलिन’चे जॉन बॉनम (१९४८–१९८०) यांनी मोठ्या आकाराच्या ड्रमांवर लेपाची पटले दोन्ही बाजूंनी चढवून, ती उंच स्वरात ताणून मोकळी वाजू दिली, १९७१ मध्ये एका जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या दिवाणखान्यात झालेले त्यांचे ध्वनिमुद्रण आजही नमुना मानले जाते. उलट फिल कॉलिन्स यांच्या १९८१ मधील ‘इन द एअर टुनाइट’ या गीतातील प्रसिद्ध आवाज खालचे पटल नसलेल्या टॉमटॉमांचाच आहे. त्यात खोलीचा प्रतिध्वनी घेऊन तो मध्येच तोडलेला आहे.

पुढील काळात उत्पादकांची संख्या वाढली, ‘ॲक्वेरियन’ची स्थापना १९८० मध्ये झाली आणि इव्हान्स १९९५ मध्ये ‘डॅडारिओ’ कंपनीकडे गेली. पण मूळ द्रव्य बदलले नाही. पाइप बँडमधील स्नेअर ड्रमांसाठी ॲरामिड तंतूंची विणलेली पटले आली, ती पॉलिएस्टराला न पेलणाऱ्या ताणासाठी. १९९७ मध्ये रोलंड या जपानी कंपनीने इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचावर रेमोच्या साहाय्याने बनविलेले जाळीचे पटल बसविले. या पटलाला स्वतःचा आवाज जवळपास नाही. काठीला उसळी देणे एवढेच त्याचे काम. आवाज यंत्रातून येतो.

कातडे मात्र संपूर्ण गेले नाही. व्हिएन्ना फिलहार्मनिक वाद्यवृंदाच्या केटलड्रमांवर बकऱ्याचे कातडे आहे. आपल्याकडे तबला-पखवाजाची पुडी कातड्याचीच असते. शाई, चाट व वादी यांची परस्परांशी असलेली गुंफण कृत्रिम पापुद्र्यावर उतरविणे कठीण आहे. पुण्याच्या गणेशोत्सवातील ताशाचे पान मात्र सर्रास प्लॅस्टिकचे असते आणि ढोलासाठी चामडे व प्लॅस्टिक ही दोन्ही पाने चालतात. पाऊस व गणपती एकाच वेळी येतात, हे त्याचे उघड कारण. गोव्याच्या घुमटाचा इतिहास याहून वेगळा आहे. मातीच्या या वाद्याच्या एका तोंडावर परंपरेने घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने घोरपडीला संरक्षण दिल्यावर ते कातडे वापरणे गुन्हा ठरले आणि वाद्यच संशयाच्या छायेत आले. आरत्या व लोकगीते यांची साथ थांबू नये म्हणून कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. जुन्या वादकांच्या कानाला त्यातील फरक जाणवतो. ते कातडे जाड, म्हणून नाद थोडा जड. पटल किती पातळ खरवडावे, मडक्याचे तोंड किती रुंद ठेवावे, हे कारागिरांना पुन्हा ठरवावे लागले. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केले, ते या बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटालाच.